घोडडोहाच्या पुलाचा सहावा खांब

बसलात का समदे? मंग ऐका. पन मधी मधी 'मंग काय झालं, मंग काय झालं' करू नका. मला दम लागतो.

एकतीस वर्सं मी सरकारी रस्त्यावर मैलकुली व्हतो. खड्डं भरलं, गटारं उपसली, दरडी काढल्या. आनि पूल ठोकलं. हसू नका रं! ठोकलं म्हंजे तपासलं. हातोडीनं खांब ठोकायचा आनि कान द्यायचा. ठण्ण वाजला तर आतनं भरीव. भद्द वाजला तर आत पोकळ. मंग लांब कळक, म्हंजे बांबू, घ्यायचा आनि खांबाच्या बुडाशी खुपसायचा. पुरानं पायाखालची माती नेली आसंल, तर कळक आत जातो. इतकंच काम. पन त्याला खाली उतरावं लागतं, आनि उतरायला कुनी तयार नसतं.

ह्या कामाला मानसं दोन लागतात. खालचा ठोकतो आनि वरडतो, "एक नंबर, ठीक!" वरचा कागदावर लिहितो आनि वरडतो, "लिहिलं, पुढं चला!" वर्सानुवर्सं हेच. मी झोपंतबी वरडायचो. बायको दचकून उठायची, मला शिव्या घालायची.

तर ऐका. त्या साली घोडडोहाचा पूल तीन दिवस पान्याखाली व्हता. चवथ्या दिवशी पानी उतरलं. आमच्या इंजिनेर कळमकर मॅडम. तरनी पोर, पुलांचाच अभ्यास करून आल्याली, मला मामा म्हनायची. ती पार तिकडं दुसऱ्या पुलावर आडकली. तिचा फोन आला. "ईश्वरामामा, आज पाचही खांब तपासा. तुम्ही ठीक म्हणालात तर सकाळची पहिली एसटी सोडते. नाहीतर पूल बंदच."

आनि त्या पहिल्या एसटीत कोन येनार व्हतं? माझी लेक, वैजू. नववा म्हयना भरल्याला. बाळंतपनाला म्हायेरी निघाली आनि पुरामुळं पल्याडच्या गावात शाळंच्या खोलीत तीन दिवस आडकली. इकडं तिच्या आईनं बाजलं टाकून ठेवल्यालं. पुलाकडं डोळं लावून बसल्याली बिचारी.

मी दोन रात्री दरडी उपसत व्हतो. डोळ्याला डोळा न्हाई. निघंस्तवर दिवस मावळला. हातोडी, कळक, बॅटरी घेतली आनि एकटाच उतरलो. पान्याचा वास, गाळाचा वास. पाय उचलत नव्हतं बाबांनो, खरंच सांगतो.

पैला खांब ठोकला. ठण्ण! कळक लावला. घट्ट. आनि सवयीनं, नुसत्या सवयीनं, मी वरडलो, "एक नंबर, ठीक!"

वरनं आवाज आला, "लिहिलं, पुढं चला!"

आरं, वर कोन? वर तर कुनीच नव्हतं!

पन दमल्यालं मानूस कसं आसतं, त्याला आपल्या सोयीचं पटतं. वाटलं, मॅडम आल्या आसतील. आवाज त्यांचाच व्हता. दोन नंबर ठोकला. ठण्ण. वरडलो. वरनं आवाज, "लिहिलं, पुढं चला!" गुडघाभर पान्यातनं तीन नंबरकडं निघालो. हातोडी उचलली. तवर आवाज आला, "तीन नंबर मी बघितलाय मामा. ठीक आहे. दमलात तुम्ही. पुढं चला."

आनि मी गेलो! ज्यानं जल्मभर खांब ठोकलं, त्यो मी, तीन नंबरला हात न लावता पुढं गेलो. आजबी सोताची लाज वाटते.

चार ठीक. पाच ठीक. म्हनलं, सुटलो. तवर पुन्यांदा आवाज. पन आता वरनं न्हाई. डोहाकडनं. आनि मॅडमचा न्हाई. माझ्या वैजूचा.

"बाबा, सहा नंबर राहिला. त्यो बघा की. मला घरला यायचंय."

बॅटरी मारली. डोहात खांब उभा! काळा, वला, जाडजूड. मी चालाय लागलो. पानी कमरंला आलं, छातीला आलं. पुलाला खांब पाच हायेत, हे मला ठावं न्हाई का? पन लेक बोलावत व्हती. हातोडी उचलली आनि हानली.

आवाजच न्हाई.

ठण्ण न्हाई. भद्द न्हाई. काईच न्हाई! मंग वळखलं. गिऱ्हा! बुडून मेल्यालं मानूस गिऱ्हा व्हतं. आपल्याच मानसाच्या आवाजात बोलावतं आनि डोहात घालतं. आनि तवाच माझ्या घोट्याला गार हात पडला. हातोडी गेली, बॅटरी गेली. तोंडात पानी. कळक गाळात रोवला आनि दोनी हातांनी वढलं सोताला. वढलं, वढलं! हाताला दगड लागला. मिठी मारली. तीन नंबरचा खांब.

तिथं उभा ऱ्हायलो आनि आधाराला म्हनून कळक बुडाशी टेकवला. आत गेला. हातभर गेला. दोन हात गेला. खाली मातीच न्हाई! आख्खा खांब आधांतरी!

कानाशी आवाज आला, वैजूचाच. "बाबा, कुनाला कळतंय? ठीक म्हना. एक एसटी जाईल की."

मी कसाबसा काठाला आलो, चपलांपाशी ठेवल्याला फोन उचलला आनि मॅडमला लावला. "पूल बंद ठेवा. तीन नंबर खालनं गेलाय."

ती म्हनाली, "मामा, वैजू पलीकडं आहे ना? नक्की सांगताय?"

म्हनलं, "पल्याड हाय, म्हनून तर नक्की."

वैजू त्याच पहाटं शाळंच्या खोलीत बाळंत झाली. पोर जगलं. पन तिला आईचा हात मिळाला न्हाई. बायको वर्सभर माझ्याशी धड बोलली न्हाई. आनि पूल? पूल पडला न्हाई. दोन म्हयन्यांनी पायात काँक्रीट भरलं आनि उघडला. पडला आसता तर लोकांनी मला डोक्यावर घेतलं आसतं. पडला न्हाई, म्हनून समदे म्हनत्यात, ईश्वरानं उगंच पूल बंद केला. वैजूबी इचारते, "बाबा, एक एसटी गेली नसती का?" काय सांगू तिला? गेलीबी आसती.

म्हनून सांगतो, दिवस मावळल्यावर डोहाच्या त्या पायवाटंनं कुनी उतरू नका. आनि नोकरीपायी उतरावंच लागलं, तर आपल्या लेकीचा आवाज आला तरी खांबाला सोताचा हात लावल्याबिगर ठीक म्हनू नका. लोक म्हनतील, उगंच बंद केला. म्हनू द्या. त्ये म्हनायला जित्ते ऱ्हायलेत, एवढं बास.