पाच मिनिटांचं कुलूप

जहाज बुडालं, त्यात तिचा सुकाणूवाला नवरा गेला. चौकशीच्या खोलीबाहेर ती बसली होती. शेजारी कंपनीचे दोन कॉम्प्युटरवाले बोलत होते.

"पाच मिनिटं हात लागला नाही की स्क्रीनला कुलूप. सगळ्या ऑफिसांचा हाच नियम, साहेब."

"ऑफिस कधी खडकावर आपटलंय का, शहाण्या? जहाजांची नियमावली वेगळी आहे. चालत्या जहाजात नकाशाचा स्क्रीन बंद होता कामा नये, हे पहिल्याच पानावर आहे."

"ऑफिसची पाठ होती, तीच लावली."

"आणि धुक्यात सुकाणूवाला पासवर्ड टाकेपर्यंत खडक आला."

"मग आता काय लिहू?"

"लिही, सुकाणूवाला पासवर्ड विसरला. मेलेला माणूस थोडाच उलटून बोलतोय?"

ती उठून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"आमच्या लेकीचं नाव होतं ते. विसरतील कसे?"