हिंटरकारच्या उतारावरची वळणे

सन्माननीय अध्यक्ष, आपले महापौर रूपर्टसाहेब, व्यासपीठावरचे फादर ग्रेगोर, आजचा सत्कारमूर्ती सेवेरिन, आणि एवढ्या वाऱ्यात घराबाहेर पडलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

सिस्टरांच्या शाळेत आपले ओले हातमोजे शेगडीवर वाळत असायचे. लोकरीचा तो दमट वास आठवतो ना? मधल्या सुट्टीत सेवेरिन सगळ्यांचे हातमोजे उलटून ठेवायचा. सिस्टर लुडमिला म्हणायच्या, "अरे, स्वतःचे तेवढे बघ!" हा म्हणायचा, "सिस्टर, घरी सगळ्यांनाच जायचंय."

पुढे हिमस्खलन समितीचा प्रमुख म्हणून त्याने जन्मभर हेच केले. पहाटे उतारावर खड्डा खणायचा, बर्फाचे थर बोटांनी चाचपायचे, करवतीने ठोकळा कापून त्यावर फावडे ठेवून थोपटायचे आणि मग सांगायचे, आज उतार उघडा की बंद. बंद म्हटले की बोलणी ठरलेली. "सेवेरिन, तुझ्या त्या खड्ड्यात आमचा धंदा पुरलास!" हे याच सभागृहात कोण म्हणाले, त्याचे नाव मी घेत नाही. तुम्ही हसताय, म्हणजे गरजही नाही.

आता अवघड भाग. हे भाषण माझे यजमान कासियान करणार होते. ते मागे दाराजवळ बसले आहेत. सकाळी म्हणाले, "तूच बोल. मला नाही जमायचं."

या फेब्रुवारीत सेवेरिनने हिंटरकारचा उतार बंद करून तशी पाटी लावली होती. वाऱ्याने नवा बर्फ आणून जुन्या भुसभुशीत थरावर रचला होता. कासियान तरीही स्की घेऊन गेले. "माझा जन्म गेला त्या उतारावर, मला काय शिकवतो तो!" सुखरूप उतरले. नशीब, दुसरे काय? आपल्या गावात बर्फावरची स्कीची वळणे बघून माणूस ओळखतात, आणि यांची वळणे म्हणजे शिवणीचे टाके. दुपारी सेवेरिनची आफ्रा वर पोचली. एकीकडे वडिलांची पाटी, दुसरीकडे कासियानकाकांची वळणे. तिने वळणांवर विश्वास ठेवला.

उतारावरचा बर्फ सुटला आणि ती गाडली गेली. अंगावरचे बीकन बर्फाखालूनही संकेत देत होते, म्हणून ती सापडली. बापाने मुलीला स्वतः खणून काढले. श्वास चालू होता. पाय मात्र दोन ठिकाणी मोडला.

दोष कोणाचा? सेवेरिन म्हणतो, "सगळ्या खोऱ्याला शिकवलं, घरातच कमी पडलो." म्हणून तो मुदतीआधी पद सोडतो आहे. कासियान स्कीला हात लावत नाहीत. समोरून सेवेरिन आला की रस्ता ओलांडतात. आणि आपण? त्या सकाळी चौकात उभे राहून आपण सगळे वर बघत होतो. "वा रे कासियान!" म्हणत होतो. त्यात मीही होते. उतार बंद आहे, असे एकाच्याही तोंडून निघाले नाही.

गेल्या रविवारी आफ्रा कुबड्या टेकत आमच्या दारात आली. "काका, लपताय कशाला? टेबलाखालून पाय दिसतायत तुमचे."

"पोरी, माझ्यामुळे..."

"हो, तुमच्यामुळे. पण पाटी ओलांडली मी. आता कॉफी देताय की जाऊ?"

कासियान ढसाढसा रडले. मी कॉफी करायची विसरले, ती आफ्रानेच केली.

सेवेरिन मात्र यांच्याशी अजून बोललेला नाही.

आपण शांतपणे ऐकलेत, आभारी आहे. सत्काराच्या दिवशी नको ते बोलले असेन, तर म्हातारीचे समजून पोटात घाला. मघाशी सेवेरिनने कानात सांगितले, "माझ्या वस्तू कोणाला द्यायच्या ते तूच जाहीर कर." तर ऐका. करवत आणि बर्फ तपासायचे भिंग आफ्राला, पाय बरा झाला की ती समितीत येते आहे. फावडी शाळेला, मुलांच्या सरावासाठी. रमची बाटली फादर ग्रेगोर यांना. ती अर्धी का आहे, ते फादरना माहीत आहे. आणि हिंटरकारच्या वाटेवरच्या फाटकाची किल्ली कासियानला. उतार बंद करायची वेळ आली की वर जाऊन ते फाटक कासियाननेच लावायचे.

अहो, दाराकडे कुठे निघालात? इकडे या. किल्ली सेवेरिन माझ्या हातात देत नाहीये, तुमच्यासाठी स्वतःच धरून उभा आहे.