पेवातला कंदील

अकोल्याच्या स्टँडवर पातूरच्या गाडीसाठी थांबलेल्या मंजुषाचे कान शेजारच्या मायलेकींकडे लागले होते.

"नीलम, तू नोकरीत करतं तरी काय?"

"अणुभट्टीचा कचरा जमिनीखाली पुरला हाये, आई. तिथून वर येनारी हवा मले रोज कागदातून गाळून तपासा लागते."

"मंग काय सापडलं?"

"पाच वर्सांत काईच नाई. तुमचे जवाई हासतात मले."

"त्यायले सांग, तुह्या आबाचं जवारीचं पेव होतं. जमिनीतल्या त्या खड्ड्यात उतरायच्या आंधी आबा कंदील सोडत. हवा खराब असली त तो इझे. पन तीस वर्सं कदी इझलाच नाई."

"मंग?"

"मंग एक दिवस आबा कंदील न सोडताच उतरले."

गाडी लागली, तरी दोघी उठल्या नाहीत.

"नीलम, तू त सुट्टीवर आली. आज तो कागद कोन पाह्यते?"