दाढ आणि पंखा

दातांच्या दवाखान्यात मास्तर मुद्दाम दाराजवळ बसले होते, म्हणजे वेळ आलीच तर काढता पाय घेता येईल. शेजारी एक नवरा-बायको हुज्जत घालत होते.

"आपल्या विमानाचा पंखा खोलून ठेवलात, बिघडला होता का?"

"छे! झकास उडतंय. पण पाती ज्यात बसवतात ना, त्या हबची तपासणी सक्तीची असते."

"काही होत नसताना?"

"अगं, तडा आत असतो. दिसेपर्यंत थांबलो तर पातं हवेतच निखळायचं!"

"आणि तुमची वर्षभर ठणकणारी दाढ?"

"ती ठणकायची थांबेल आपोआप. चल, घरी जाऊ."

"गप बसा. आजपासून तिचीही तपासणी सक्तीची."

नर्स डोकावली. "आता कोणाचा नंबर?"

मास्तरांनी आणि विमानवाल्याने एकदमच एकमेकांकडे बोट दाखवलं.