जुन्या साहेबाचा नंबर

औषध कंपनीच्या फाटकाबाहेर दोन-चार जागांसाठी भलीमोठी रांग लागली होती; भरलेले फॉर्म आधीच आत गेले होते. तेजश्रीच्या पुढच्या पन्नाशीतल्या गृहस्थांना त्यांच्याही पुढच्या पोराने ओळखलं, तसे तिचे कान टवकारले.

"मिलिंद सर? तुम्ही इथं कायकू?"

"अरे ओमकार! तुला काढलं ना, त्याच्या पुढच्याच महिन्यात मलाही काढलं."

"हौ? मला काढताना तर म्हणालात, हैदराबाद वाढतंय, कामाला तोटा नाही."

"वाढतंयच की. ही रांग बघ ना."

मिलिंदचा फोन वाजला.

"हॅलो? हो, ओमकार माझ्याच हाताखाली होता. पोरगा हुशार आहे, डोळे झाकून घ्या... मी? मी तुमच्याच रांगेत उभा आहे मॅडम, त्याच्या मागे. हो, बघा ना माझाही फॉर्म!"

"सर, माझ्यासाठी एवढं बोललात?"

"फॉर्मवर जुन्या साहेबाचा नंबर म्हणून माझा दिलास, मग काय बोलणार? आता माझंही जमेलसं वाटतंय. मुलगी अजून शिकतेय रे."

"सर, मला वाटलं, नंबर नुसता लिहून घेतात. फोन कोणी करत नाही."

"मग?"

"त्याच्याखाली रकाना होता. आधीची नोकरी का सुटली?"

"काय लिहिलंस?"

"साहेबांना काम येत नव्हतं."

फाटक किलकिलं झालं. वॉचमनने मुंडी बाहेर काढली.

"ओमकार, अंदर आओ. मिलिंद साब कौन? मॅडम बोले, आप घर कू जाओ."

"सर, मी..."

"जा बाबा, जा. आणि नव्या साहेबाला काम येतं का, तेवढं आधी बघून घे."