अजानच्या वेळचा ग्लास

इद्रीस : खाला, हाही ग्लास दुधाळच! गोडाऊनवाला चार वाजता येतोय. शेड त्याला भाड्यानं देऊन मोकळे होऊ.

हबीबा : चार वाजले नाहीत अजून. राघो, मशीनमधून आणखी एक काढ.

राघो : काढतो भाभी. पर सकाळपासनं समदे असलेच. आत धुकं भरल्यागत.

इद्रीस : आणि तडकतात. नुसत्या बाटलीच्या प्लास्टिक दाण्यांचा ग्लास गरम चहाला वाकतो, म्हणून हे दुसरे कडक दाणे घातले. दोन्ही पॉलिएस्टरच ना? मग मिसळायला काय होतं?

हबीबा : तू नि तुझा भाऊ एकाच आईचे. जेवता का एका ताटात?

इद्रीस : टोमणे पुरे. काहीतरी ठरवा.

हबीबा : ठरवते. कापडाचे लूम पंच्याण्णव साली भंगारात गेले, तेव्हा नाही रडले. पण आमच्या यांच्या, तुझ्या खालूंच्या, शेडमध्ये परक्याचे खोके रचलेले मला बघवणार नाहीत.

राघो : भाभी, ह्यो बगा!

हबीबा : आण इकडे... अरे, यातून तुझं नाक दिसतंय!

इद्रीस : दाणे बदललेस?

राघो : न्हाय. त्येच, कालपासनं वाळवल्याले.

इद्रीस : मग काय केलंस? खरं सांग.

राघो : रागवू नका. मघाशी अजान झाली. शेठ होते तवा अजानला लूम थांबवायचो, ती सवय हाय. ह्ये मशीन थांबवलं तर माल आत जळतो, म्हून निसतं हळू केलं.

इद्रीस : म्हणजे माल आत जास्त वेळ वितळत राहिला, दोन्ही दाणे एकजीव झाले...

हबीबा : आणि आपण सकाळपासून त्याला घाई करत होतो. राघो, परत हळू कर.

राघो : अजान न्हाय तरी?

हबीबा : तरी.

(थोड्या वेळाने)

राघो : ह्यो बी साफ! त्यो दुसरा लईच हळू काढला, तर पिवळा पडला.

हबीबा : पिवळा ठेव बाजूला. साफ ग्लासात चहा ओत. उकळता.

इद्रीस : वाकेल बघा... नाही वाकला.

हबीबा : आता रिकामा करून आपट.

इद्रीस : तडकला पण नाही! पण खाला, एवढ्या हळू चालवलं तर माल अर्धाच निघेल.

हबीबा : निघेल तो खपेल तरी. जा, गोडाऊनवाल्याला नाक्यावरूनच परत पाठव.

इद्रीस : काय सांगू?

हबीबा : सांग, शेड चालू आहे.

राघो : भाभी, आता दिसभर हळूच चालवायचं, मंग अजानला मी काय करू?

हबीबा : चहा पी. याच ग्लासात.