धवलारीण आत्या आणि माझी गिटार

अरे, गिटारची तार बोटानं ढकलून सूर खेचायचा, हे जमतं मला. पण कुठला खेचायचा?

सापगावात भावाची हळद होती. लग्नातले धवळे गाणारी आमची आत्या गात होती आणि साथीला मी. तिनं ओळीचा पहिला सूर खेचला, मी शेवटचा. म्हणून पुढच्या ओळीत मी पहिला खेचला, तर तिनं शेवटचा! परत मी शेवटचा धरला, तर ही पहिल्यावर! बायका हसायला लागल्या. मी वाजवायचं थांबवून विचारलं,

"आत्ये, नक्की कुठला खेचायचा गो?"

"मला काय माहीत रे? मागच्या ओळीत तू खेचलास तोच मी खेचते. घरचा पोरगा एवढा शिकून वाजवतोय, त्याचं आयकायला नको?"